हल्ला : वेणी दर वेळी एकाच बाजूने फाटते

गुलबक्षी | १४ डिसेंबर, रात्री ११.१०

नाव वाचून घाबरू नका, कुणी कुणावर चाल करून येत नाहीये. हल्ला हा ज्यू लोकांचा शुक्रवार संध्याकाळचा पाव. तीन, चार किंवा सहा पेडांची वेणी घातलेला, वरून तकतकीत तांबूस, आतून पिवळसर. हाताने ओढला की धाग्याधाग्याने सुटतो. त्यातला ‘ह’ घसा खाकरून काढायचा असतो. तो आमच्या घरात कुणालाच जमत नाही, त्यामुळे शुक्रवारी नवऱ्याचा ऑफिसातून मेसेज येतो, ‘आज हल्ला किती वाजता?’ कुणा पोलिसाने वाचला तर पंचाईत.

त्याच्याच पोस्टडॉकमुळे आम्ही तीन वर्षं इस्राएलमध्ये रेहोवोतला होतो. वाइझमन इन्स्टिट्यूट तिथेच. शुक्रवारची सकाळ म्हणजे आपल्याकडची दसऱ्याच्या आदल्या दिवशीची मंडई. दुपार कलली की दुकानं बंद, बस बंद, रस्त्यावर मांजरं तेवढी. त्याआधी ज्याच्या त्याच्या पिशवीतून दोन-दोन हल्ल्यांची टोकं डोकावत असतात. दोनच का, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं. ज्यूंचे पूर्वज वाळवंटात भटकत असताना आकाशातून मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, पडायचा, आणि शनिवार विश्रांतीचा, त्या दिवशी गोळा करायचं काम नको म्हणून शुक्रवारी दुप्पट पडायचा. त्याची आठवण म्हणून दोन.

खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, मूळच्या पोलंडच्या. त्यांच्या ओट्याशी उभं राहून शिकले. त्यांचं माप ‘एक पिशवी मैदा’, म्हणजे एक किलो. मी ते निम्मं केलंय. मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, अंडी २, तेल ६० मिली, पाणी १७० मिली. वरून लावायला आणखी एक अंडं, आणि तीळ. तेल सोडून सगळं एकत्र करायचं, गोळा जमला की तेल थोडं थोडं मुरवत दहा-बारा मिनिटं तिंबायचं. दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवायचं, मग पेड वळून वेणी, पुन्हा फुगवायचं, अंडं लावायचं आणि १८० अंशांवर अर्धा तास.

तिथे हा पाव मी डोळे मिटून करायचे. ऑगस्टमध्ये पुण्याला परत आलो, नवा ओटीजी घेतला, आणि गेल्या महिन्याभरात चार वेळा केला. चव तीच आहे. पण चारही वेळा वेणी उजव्या बाजूने खालपासून वरपर्यंत उसवली. फाटक्या गादीतून कापूस यावा तसा आतला पांढरा भाग बाहेर. काल तर लेक म्हणाली, ‘आई, हिची वेणी कुणी ओढली का?’

फोटो खाली दिलाय. हसा, पण कुठे चुकतंय तेही सांगा.

चकलीचा सोऱ्या | १४ डिसेंबर, रात्री ११.३८

फोटो बघून भूक लागली, फाटका असला तरी. वाचनखूण साठवली. प्रश्न नंतर विचारतो, आधी जाणकार येऊ देत.

शंकासुर | १५ डिसेंबर, सकाळी ७.०२

अंड्याशिवाय होईल का?

गुलबक्षी | १५ डिसेंबर, सकाळी ८.१५

शंकासुर, तुमचीच वाट बघत होते. होत असावा, मी केला नाही.

वसईवाला | १५ डिसेंबर, सकाळी ९.४०

घरची बेकरी होती, आता मी नोकरी करतो, पण पिठात हात घालायची सवय सुटली नाही. हल्ला आयुष्यात दोनदाच केलाय, पण फाटणारा पाव शेकड्याने पाहिलाय. आधी तीन गोष्टी सांगा. वेणी घातल्यावर किती वेळ ठेवता? त्या वेळी खोलीत किती तापमान असतं? आणि ओटीजीत उजवीकडे नेमकं काय आहे?

गुलबक्षी | १५ डिसेंबर, सकाळी १०.०५

३५ मिनिटं, घड्याळ लावून. आजींनी तेवढाच सांगितला होता. खोलीत सकाळी १९-२० अंश असतील, सध्या पुण्यात मस्त थंडी आहे. ओटीजीत... आत्ता जाऊन बघितलं. पंखा डाव्या भिंतीवर आहे. उजवीकडे काही नाही.

वसईवाला | १५ डिसेंबर, सकाळी १०.३१

सापडलं. आजी बरोबर आहेत, घड्याळही बरोबर आहे, ऋतू चुकलाय. तुम्ही शिकलात तो महिना कुठला होता?

गुलबक्षी | १५ डिसेंबर, सकाळी १०.३४

जुलै. आणि त्यांच्या स्वयंपाकघरात एसी नव्हता.

वसईवाला | १५ डिसेंबर, सकाळी ११.२०

मग झालं तर. जुलैत तिथे पीठ ३५ मिनिटांत तयार होत असेल, पुण्याच्या डिसेंबरात त्याला दीड तास लागेल. यीस्टला भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही, ऊब कळते. तुमची वेणी अर्धवट फुगलेली असतानाच भट्टीत जाते. आत उष्णता लागली की यीस्ट मरायच्या आधी एकदा शेवटचा जोर करतं, वायूही प्रसरण पावतो आणि पाव झपाट्याने वाढतो. हे सगळं पहिल्या दहा-बारा मिनिटांत होतं. बाहेर जेवढं फुगायचं राहिलं असेल तेवढा हा आतला जोर जास्त. पंखा डावीकडे, म्हणजे डावी कड आधी सुकून घट्ट होते. जोराला वाट लागतेच, तो जिथे कवच अजून मऊ आहे तिथून निघतो. तुमची उजवी बाजू.

कुणीतरी सांगेल की ट्रे मध्येच फिरवा. रंग सारखा यायला फिरवा, पण फाटण्यावर तो उपाय नाही, तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पाव लहान करा, ५०० ग्रॅम मैद्यातून दोन वेण्या करा आणि एका वेळी एकच भाजा, म्हणजे पंख्यापासून लांब राहील. दुसरी तोवर फ्रिजमध्ये ठेवा.

वेळ बघू नका, बोट लावा. कडेला बोटाने हलकं दाबायचं. खळगा टुणकन भरून आला तर अजून थांबायचं. सावकाश, अर्धाच भरला तर भट्टीत. भरलाच नाही तर उशीर झाला, मग वेणीच्या रेषा पुसट होऊन पाव बसका होतो.

दुसरं म्हणजे अंडी. तिथलं अंडं केवढं होतं?

गुलबक्षी | १५ डिसेंबर, दुपारी १.१५

चांगलं मोठं. साठ ग्रॅमच्या वरचं. इथल्या वाण्याकडचं पन्नास भरलं तर नशीब.

वसईवाला | १५ डिसेंबर, दुपारी १.५०

तेच. दोन अंड्यांत वीसेक ग्रॅम ओल कमी पडते, पीठ घट्ट राहतं, घट्ट पीठ सावकाश फुगतं आणि लवकर फाटतं. अंडी फोडून वाटीत वजन करा आणि त्यात पाणी घालून दोन्ही मिळून २८० ग्रॅम करा. पुढे कधी अंडी लहानमोठी आली तरी फरक पडणार नाही. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल, पुरणपोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवं.

आणि फोटोत फाटलेला भाग पांढरा दिसतोय, त्याच्याबद्दल. तो थोडा तरी उघडणारच, सगळ्यांचा उघडतो. अंडं दोनदा लावा. एकदा वेणी घातल्याबरोबर, एकदा भट्टीत घालायच्या आधी. पहिला हात पेडांच्या बेचक्यांत मुरतो.

चकलीचा सोऱ्या | १५ डिसेंबर, दुपारी २.१०

‘यीस्टला भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही.’ हे मी आमच्या ओट्यावर चिकटवणार आहे. दंडवत घ्या.

एडिसनची आज्जी | १५ डिसेंबर, रात्री ९.२५

इकडे न्यू जर्सीत बसून वाचतेय. माझी सून ज्यू आहे, पोलंड-रशियाकडून आलेलं कुटुंब. आता नऊ वर्षं झाली, दर शुक्रवारी दोन हल्ले मी करते, ती मेणबत्त्या लावते.

पहिल्या वर्षीचा माझा पराक्रम सांगते. विहीणबाई जेवायला येणार होत्या. मी विचार केला, तेल कसलं घालायचं, आपलं घरचं कढवलेलं साजूक तूप घालूया. पाव काय सुंदर झाला होता म्हणून सांगू, घरभर दरवळ. टेबलावर चिकन होतं. विहीणबाईंनी पाव हातात घेतला, हुंगला, आणि हसून बशीच्या कडेला ठेवून दिला. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सुनेने समजावलं की मांस आणि दूधदुभतं एका जेवणात चालत नाही, म्हणून हल्ल्यात तेलच घालतात. तो दोन्हींकडे चालावा लागतो. तूप म्हणजे दूधच. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं! त्यांचं मोठेपण असं की पुढच्या शुक्रवारी त्या स्वतः तेलाची बाटली घेऊन आल्या, आणि आम्ही दोघींनी मिळून मळलं.

गुलबक्षी, तीन पेडांच्या वेणीला मधून सुरुवात कर. मधून खाली विणत जायचं, मग पाव फिरवून उरलेली बाजू. दोन्ही टोकं सारखी निमुळती होतात. सहा पेडांचं लोक उगाच भय घालतात. सगळे पेड एका टोकाला चिकटवायचे. सगळ्यात उजवीकडचा उचलायचा: दोनांच्या वरून, एकाच्या खालून, दोनांच्या वरून. तो डावीकडे जाऊन पडला की पुन्हा आता जो सगळ्यात उजवा असेल तो. बास, एवढंच शेवटपर्यंत. चार पेडांना वरून, खालून, वरून. मी पहिले महिनाभर हे मोठ्याने म्हणत करायचे, नातवाला पाठ झालं होतं.

कणेरी | १६ डिसेंबर, सकाळी १०.१२

सहाच पेड का पण? दिसायला छान म्हणून?

एडिसनची आज्जी | १६ डिसेंबर, रात्री ८.४०

दिसतोच छान. पण सहा आणि सहा बारा, आणि जेरुसलेमच्या जुन्या मंदिरात बारा पाव मांडून ठेवलेले असत, असं सून सांगते. वरचे तीळ किंवा खसखस म्हणजे मान्नाचे दाणे. नववर्षाला, रोश हाशानाला, वेणी नसते. गोल चुंबळीसारखा वळतात, मनुका घालतात, आणि मिठाऐवजी मधात बुडवून खातात. खसखस तिथली निळसर काळी असते, आपली पांढरी घातली तर दिसत नाही. आपले तीळ उत्तम. कुणी कलौंजी घालू नका, मी एकदा घातली, लोणच्याचा वास आला.

पेणची लेक | १६ डिसेंबर, रात्री १०.५५

मी इथे नुसती वाचते, लिहीत नाही. पण हल्ल्यावर मराठीत एवढं कुणी बोलतंय म्हटल्यावर राहवेना.

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. जन्म पेणचा, शाळा ठाण्यात, आता पन्नासहून जास्त वर्षं अश्दोदला. वय विचारू नका. गुलबक्षी, तू रेहोवोतला होतीस आणि मला ठाऊक नाही! अर्ध्या-पाऊण तासाचा तर रस्ता.

आधी तुझ्या वेणीचं. फोटो मोठा करून पाहिला. अगं, तू शाळेत जाणाऱ्या मुलीची वेणी घातली आहेस, ओढून ओढून, दिवसभर सुटू नये अशी. पावाला रात्री झोपताना घालतो तशी सैल वेणी लागते. त्याला फुगायला जागा ठेवायची. पेड वळून झाले की लगेच विणू नकोस, दहा मिनिटं झाकून ठेव, नाहीतर ते आखडतात आणि मग तू ओढतेस. विणण्याआधी पेडांवर कोरड्या मैद्याचा हात फिरव, अगदी थोडा. ते एकमेकांत विरघळत नाहीत, रेघा उठून दिसतात. टोकं चिमटून पावाच्या पोटाखाली दुमड.

आता दुसरं. माझ्या आजीने हल्ला कधी पाहिलाच नव्हता. ही वेणी मध्य युरोपातली, जर्मन बोलणाऱ्या मुलखातल्या ज्यूंची, पंधराव्या शतकाच्या सुमाराची, मग तिथून पोलंड-रशियाकडे गेलेली. येमेनवाले रात्रभर बंद डब्यात भाजलेला कुबाने खातात, इराकवाल्यांची पातळ रोटी. कोकणातल्या शनवार तेल्यांकडे, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आम्हा लोकांकडे, ओव्हन कुठून येणार? आमच्याकडे शुक्रवारी चपाती. एरवी रोज तांदळाची भाकरी असायची, पण शुक्रवारी आई मुद्दाम गव्हाचं पीठ काढायची. लहानपणी वाटायचं, सण म्हणून. पुढे कळलं की पावाचा जो आशीर्वाद म्हणतात, हमोत्सी, तो पाच धान्यांच्या भाकरीवरच होतो: गहू, जव आणि त्यांची भावंडं. तांदूळ त्यात नाही, नाचणीही नाही. त्या दोन चपात्या एका पांढऱ्या रुमालाखाली, शेजारी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून गाळलेलं सरबत. वाइन कुणाला परवडत होती! त्या सरबतावर किद्दुश, म्हणजे एरवी वाइनवर म्हणतात तो आशीर्वाद, व्हायचा. रुमाल का, तर आधी आशीर्वाद सरबतावर होतो, पावाला अपमान वाटू नये म्हणून त्याला झाकायचं.

गुलबक्षी | १६ डिसेंबर, रात्री ११.२०

पेणची लेक, तुम्ही लिहिलंत म्हणून धागा काढल्याचं सार्थक झालं. पावाला अपमान वाटू नये म्हणून झाकायचं, हे आजींनीही सांगितलं होतं, पण माझं हिब्रू इतकं कच्चं की मला वाटलं माशा बसू नयेत म्हणून.

कणेरी | १७ डिसेंबर, सकाळी ९.३०

विषयांतर होईल, पण मग तुम्हा मराठी ज्यूंच्या घरी हल्ला कधी आला?

पेणची लेक | १७ डिसेंबर, रात्री ९.१०

आमच्या घरी तरी इस्राएलला आल्यावर. तोही करून नाही, विकत आणून. शेजारणींच्या पिशवीत दिसायचा म्हणून आईने आणला, आणि पहिल्या शुक्रवारी वडील म्हणाले, ‘हा तर गोड बन आहे, जेवण कुठाय?’ मग कित्येक वर्षं टेबलावर एक हल्ला आणि एक चपाती असं चालायचं. मी लग्नानंतर शिकले, सासूबाई मोरोक्कोच्या. म्हणजे बघ, मोरोक्कोच्या बाईने पेणच्या मुलीला पोलंडचा पाव शिकवला.

आणि तुम्ही सगळे ज्याला हल्ला म्हणताय ना, तो शब्द मुळात पावाचा नव्हेच. हल्ला म्हणजे मळलेल्या पिठातून वेगळा काढलेला गोळा. बायबलच्या चौथ्या पुस्तकात सांगितलंय, पिठाचा पहिला वाटा काढा. पूर्वी तो मंदिरातल्या पुरोहितांना जायचा. मंदिर राहिलं नाही, म्हणून आता लिंबाएवढासुद्धा नाही, ऑलिव्हएवढा गोळा काढतात, फॉइलमध्ये गुंडाळतात आणि जाळून टाकतात. खायचा नाही. पीठ थोडं असेल तर काढावाच लागत नाही. साधारण सव्वा किलोच्या पुढे काढतात आणि एक किलो सहाशे-सातशेच्या पुढे गेलं की आशीर्वाद म्हणून काढतात. म्हणून इथल्या बायका दोन-दोन किलो मळतात आणि शेजारीपाजारी वाटतात.

शंकासुर | १७ डिसेंबर, रात्री ९.४५

म्हणजे आपली पहिली पोळी गाईला, तसंच की. किंवा चित्राहुती.

पेणची लेक | १७ डिसेंबर, रात्री १०.०५

दिसायला तसं. पण गाय पोळी खाते, चित्राहुती मुंग्या-चिमण्या खातात. आमचा गोळा कुणाच्याच पोटात जात नाही. मला लहानपणी त्याचंच वाईट वाटायचं, आणि माझ्या नातीला अजून वाटतं. दर वेळी विचारते, मग काढायचाच कशाला? मी म्हणते, म्हणूनच.

गुलबक्षी | १७ डिसेंबर, रात्री १०.३०

आजी भट्टीच्या तळाशी फॉइलची एक काळी गोळी टाकायच्या. तीन वर्षं मला वाटत होतं, ओव्हन तापलाय का ते बघण्याची ती काही युक्ती असावी! मी इथे अर्धाच किलो करते. मी काढावा का?

पेणची लेक | १७ डिसेंबर, रात्री १०.४०

तुला ते बंधन नाही, आणि अर्ध्या किलोला तर आम्हालाही नाही. तू आधी वेणी सांभाळ.

शंकासुर | १८ डिसेंबर, सकाळी ७.१५

सगळं उद्बोधक आहे, पण माझा प्रश्न अजून तिथेच आहे. अंड्याशिवाय?

वसईवाला | १८ डिसेंबर, सकाळी ९.०५

होतो. जर्मनीतल्या ज्यूंचा जो हल्ला आहे, बेर्खेस, तो बहुतेक बिनअंड्याचाच असतो, आणि त्यात उकडलेला बटाटा घालतात. ५०० ग्रॅम मैद्याला १२० ग्रॅम बटाटा, गरम असतानाच किसून, गुठळी न ठेवता. साखर ३० ग्रॅम पुरे, तेल ४० मिली. पाणी मोजून ओतू नका, २०० मिलीपासून सुरुवात करा आणि हाताला विचारा, कारण बटाट्यात किती पाणी आहे ते बटाट्यालाच ठाऊक. पिवळा रंग येणार नाही. कृपा करून हळद घालू नका, लोक घालतात. पाव दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, अंड्याच्यापेक्षा जास्त. चकाकीसाठी दूध लावा, पण आज्जींच्या विहीणबाई येणार असतील तर नको. मग एक चमचा कॉर्नफ्लोर पाण्यात शिजवून ती खळ लावा.

एडिसनची आज्जी | १८ डिसेंबर, रात्री ७.५०

विहीणबाई आता हा धागा भाषांतर करून वाचणार आहेत, सुनेने लिंक पाठवलीय. शोभा झाली माझी.

चकलीचा सोऱ्या | १८ डिसेंबर, रात्री १०.२०

मी काल केला. प्रामाणिक हवाल देतो. एका परदेशी व्हिडिओत ‘यीस्ट २५ ग्रॅम’ असं ऐकलं आणि किलोला तेवढं घातलं. पीठ टोपाबाहेर येऊन ओट्यावरून खाली लोंबायला लागलं. पावाला बिअरचा वास. बायकोने अजून माझ्याशी यीस्टबद्दल बोलायचं नाही असं ठरवलंय.

वसईवाला | १८ डिसेंबर, रात्री १०.४४

ते ताजं यीस्ट असणार, ओल्या वडीचं. त्याचा साधारण तिसरा हिस्सा इन्स्टंट घ्यायचं. किलोला आठ-नऊ ग्रॅम, गोड पीठ असलं तर बारा-चौदापर्यंत, कारण साखर यीस्टचं पाणी ओढून घेते आणि त्याला सुस्त करते. आमच्या आज्याकडे यीस्टच नव्हतं, माडीवर पीठ चढायचं. माडीला ग्रॅम नसतात, आणि ती रोज वेगळी वागायची. त्यातूनच ‘घड्याळ बघू नको’ हे शिकलो.

कणेरी | १९ डिसेंबर, दुपारी १२.३०

अजून एक विषयांतर. पेणची लेक, वल्हांडणाच्या, म्हणजे पासओव्हरच्या सणाच्या वेळी तर फुगलेला पाव चालतच नाही ना? मग?

पेणची लेक | १९ डिसेंबर, रात्री ९.३५

चालत नाही, यीस्ट सोडच, फुगलेल्या पिठाचा चुरासुद्धा घरात नको. आठवडाभर मात्झा, म्हणजे न फुगवलेली रोटी. यात मात्र आम्हाला वेणीवाल्यांपुढे मान खाली घालायचं कारण नाही. १८७४ साली पुण्यात छापलेली मराठी भाषांतराची हगादा आहे, वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी. तिच्यात चित्रं आहेत, आणि त्यात मात्झा करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत. लाटणं-पोळपाट आपल्या हाताचं होतं.

गुलबक्षी | २१ डिसेंबर, रात्री ८.१०

हवाल. काल शुक्रवार होता.

अंडी फोडून ९२ ग्रॅम भरली, पाण्याने २८० केली. पीठ इतकं मऊ आलं की पहिल्यांदा हाताला चिकटलं, मी मैदा घालणार होते, पण हात आवरला. दहा मिनिटं तिंबल्यावर आपोआप सुटलं. पहिलं फुगणं पावणेदोन तास. पेड केले, झाकले, दहा मिनिटं फोनवर काढली. वरून मैद्याचा हात. मधून सुरुवात करून सैल वेणी घातली, इतकी सैल की मधून ट्रे दिसत होता आणि मला वाटलं हा आता मोडणार. अंड्याचा पहिला हात.

मग बंद ओटीजीत शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवून वाट बघत बसले. ३५ मिनिटांनी बोट लावलं, खळगा टुणकन वर. म्हणजे मी आजवर याच क्षणी भाजत होते! ६० ला तसंच. ७५ ला जरा रेंगाळला. ८५ ला अर्धा भरला आणि तिथेच राहिला. वेणी बाहेर काढली, ओटीजी तापेपर्यंत ओट्यावर ठेवली. दुसरा हात अंड्याचा, तीळ, १७५ वर २८ मिनिटं. शेवटची आठ मिनिटं वरून फॉइल, माझ्या ओटीजीचा वरचा रॉड जरा तापट आहे. आतलं तापमान ८९.

उजवी बाजू फाटली नाही. डावीही नाही. एका पेडाच्या कडेला करंगळीच्या नखाएवढी पांढरी रेघ आहे, ती मी तीट समजते. फोटो दिलाय. त्यात एक टोक दिसत नाहीये, कारण फोटो काढेपर्यंत लेकीने ते मोडून खाल्लं होतं.

पेणची लेक | २१ डिसेंबर, रात्री ९.००

सुंदर. टोक खाल्लं ते बरोबरच केलं, सगळ्यात चांगलं टोकच असतं. आता पुढच्या वेळी चार पेड.

चकलीचा सोऱ्या | २१ डिसेंबर, रात्री ९.१५

उरला तर त्याचं काय करता? मी विचारतोय कारण माझ्याकडे अजून सव्वा किलो बिअरवाला आहे.

एडिसनची आज्जी | २१ डिसेंबर, रात्री ११.३०

शिळा हल्ला फ्रेंच टोस्टला साध्या ब्रेडपेक्षा कितीतरी चांगला, जाड कापायचा आणि दुधात जरा जास्त वेळ ठेवायचा. पण बिअरवाला असेल तर कडक भाजून चुरा करा आणि कटलेटला लावा. बायकोला सांगू नका कशाचा चुरा ते.

शंकासुर | २२ डिसेंबर, सकाळी ७.०५

बटाट्याचा केला. फाटला नाही, मऊ आहे, मुलांनी संपवला. पण रंग फारच फिका, आजारी माणसासारखा. हळद घातली नाही याची नोंद घ्यावी.

वसईवाला | २२ डिसेंबर, सकाळी ९.२०

नोंद घेतली. पुढच्या वेळी खळीत अर्धा चमचा साखर विरघळवा आणि शेवटची पाच मिनिटं ट्रे एक खण वर घ्या.